आबाशेठच्या पानवखारीचे नियम

विड्याच्या पानांच्या वखारीत रोज सकाळी एक काम ठरलेलं असतं. कालची पानं उलटायची आणि सडकी काढून टाकायची. किस्स्यांना हा नियम लागू नाही. ते कुणी निवडत नाही, कुणी टाकत नाही. नुसते साठत जातात आणि चार माणसं चहाला बसली की आपोआप वर येतात. परवा नातसुनेनं विचारलं, आजोबा, तुमच्या वेळी नोकरीत सुट्ट्या किती असायच्या? मी म्हटलं, कुठल्या देवाच्या? झालं! दोन तास कुणी जागचं हललं नाही.

स्वातंत्र्यानंतरची चारपाच वर्षं झाली असतील. मी वसईजवळच्या गास गावचा. मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि वडिलांनी ओळखीनं मला माणिकपूरला आबाशेठच्या वखारीत चिकटवलं. वसईची पानं तेव्हा पार उत्तरेपर्यंत जात. पानवेलींच्या वाड्यांतून पानं यायची, बायका ती निवडून जुड्या लावायच्या, पुरुष टोपल्या बांधायचे आणि गाडी स्टेशनवर जायची. माझं काम हजेरीचं. बायका मला मेताजी म्हणायच्या. बाविसाव्या वर्षी कुणी मेताजी म्हटलं की मान आपोआप ताठ होते.

आबाशेठ स्वतः वाडीवाले. पानवेलीच्या वाडीत कुणी पायताण घालून जात नाही, शिवाशिव चालत नाही. वेल फार मानी, जरा काही झालं की रुसते, अशी सगळ्यांची समजूत. आबाशेठनी वाडीतली ही सगळी रीत उचलून वखारीत आणली. पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. एक, पायताण बाहेर. दोन, आवारात मासळी-मटण आणू नये. तीन, धूप-आरती झाल्याशिवाय पानाला हात लावू नये. चौथा नियम पाटीवर नव्हता, कारण तो पेंटरला तोंडानं सांगावा लागला असता. बाजूला बसलेल्या बाईनं चार दिवस वखारीत यायचं नाही, असा तो नियम. चार दिवस काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजुरीही नाही.

बाकीचे तीन नियम सगळ्यांना गमतीचे वाटायचे. चौथा मात्र जानकीला लागायचा. जानकी खाडीकडच्या गावची, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, घरी सासू आणि दोन पोरं. निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर महिन्याला हे चार दिवस आले की तिच्या घरी पेज पातळ व्हायची. हे तिनं मला रडून सांगितलं नाही. पान पुसता पुसता सांगितलं.

"देवाचा नेम हाय ना मेताजी? मंग चार दिसांचा तांदूल पन देवानीच धाडावा."

मी हजेरी लिहिली.

आता बस्त्यावचा किस्सा. बस्त्याव आमचा टोपल्या बांधणारा, सहा फूट उंच, दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिसाला जाणारा. एकदा त्याच्या तळपायात खिळा घुसला. डॉक्टरनं सांगितलं, पंधरा दिवस अनवाणी चालायचं नाही. बस्त्यावनं आबाशेठना विचारलं. आबाशेठ म्हणाले, तुझ्या पायाचं मला वाईट वाटतं, पण पाटी सगळ्यांना सारखी. बस्त्यावनं विचारलं, पट्टी बांधली तर चालेल का? आबाशेठ म्हणाले, पट्टी म्हणजे काय पायताण आहे?

दुसऱ्या दिवशी बस्त्याव पट्टी बांधून आला. तिसऱ्या दिवशी पट्टी जरा जाड झाली. आठवडाभरात त्या पायाचा आकार एवढा वाढला की बायका त्याच्याकडे बघून हळहळायला लागल्या. आबाशेठही घाबरले. खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी सोडायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा, पाचवा वेढा... आणि आत निघाला चांगला कॅनव्हासचा बूट, नाडीसकट!

आबाशेठनी बूट पाहिला, बस्त्यावचं तोंड पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मग पट्टी पुन्हा गुंडाळत म्हणाले, "जखम भरेपर्यंत ही सोडू नकोस. वारा लागेल."

असा माणूस होता तो. नियम मोडलेला त्याला खपायचा नाही, पण झाकलेला चालायचा.

मासळीचं तर विचारूच नका. स्वतः आबाशेठना घरी पापलेटाशिवाय घास उतरत नसे, पण वखार म्हणजे लक्ष्मीचं ठाणं. त्यांना कुणीतरी सांगितलं की आपल्या मोनीमाय शुक्रवार पाळतात. मोनीमाय आमच्यातल्या सगळ्यात वयस्क, गासच्याच, माझ्या आजीच्या वयाच्या. चर्चच्या नियमानं शुक्रवारी मांस बंद, एवढं ऐकून आबाशेठ भारावले. आरती झाल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी छोटंसं भाषणच केलं. धर्म कुठलाही असो, माणसानं मोनीमायसारखं व्रत पाळावं. बाकीच्यांनी शिकावं काही.

योगायोग असा की तो वारही शुक्रवारच. दुपारी जेवायच्या वेळी सुक्या बोंबलांचा असा काही वास सुटला की आबाशेठ नाक धरून बाहेर आले. वास थेट व्रतस्थ मोनीमायच्या डब्यातून येत होता. आबाशेठ म्हणाले, अहो, आज तर तुमचा उपास ना?

मोनीमाय शांतपणे बोंबील मोडत म्हणाल्या, "पाद्रीबाबांनी मटन बंद केलाय शेट. दर्या नाय बंद केला."

त्या दिवसापासून तोडगा निघाला. आवाराची भिंत कमरेएवढी होती. माणसं आत बसायची आणि डबे भिंतीपलीकडे दगडावर. घास घ्यायला हात हद्दीबाहेर जायचा आणि तोंड हद्दीत असायचं. हात आणि तोंड यांच्यामध्ये नियम नेमका कुठे मोडतो, हे आबाशेठनी कधी तपासलं नाही. रस्त्यानं जाणारी माणसं मात्र आमच्याकडे बघत थांबायची.

मग नवा कायदा आला. दुकानात, वखारीत काम करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची, आणि तो वार भिंतीवर लिहून लावायचा. तोवर आमची वखार फक्त अमावास्येला बंद असायची. मी सुंदर अक्षरात कागद लिहिला, 'ही वखार दर' आणि पुढे मोकळी जागा सोडून 'वारी बंद राहील.' मोकळी जागा अशासाठी की कुठला वार ते ठरत नव्हतं. बस्त्याव आणि मोनीमाय म्हणाले, रविवार. बांधणीतल्या दोघांचा सोमवार, शंकराचा. कासमचाचा आमचे गाडीवान. त्यांना शुक्रवार हवा. एकानं मारुतीसाठी शनिवार काढला. तो आयुष्यात कधी मारुतीच्या देवळात गेला नव्हता, पण हक्काची गोष्ट आली की भक्ती जागी होतेच.

महिनाभर तो कागद तसाच भिंतीवर होता. वार ठरत नाही म्हणून त्या महिन्यात आम्हाला एकही सुट्टी मिळाली नाही. कायदा आला आणि आमची अमावास्यासुद्धा गेली!

शेवटी आबाशेठनी सगळ्यांना बसवलं. पुन्हा तेच वाद. कासमचाचा इतका वेळ बिडी हातात धरून बसले होते, आवारात ओढायला बंदी म्हणून न पेटवलेली. ते म्हणाले, "शेट, बैलांना विचारा ना. सगळ्यात जास्त काम तेच करतात, आणि त्यांना कुठला वार ते ठाऊकच नाही."

आबाशेठ म्हणाले, बैलाला काय विचारायचं. चाचा सगळ्यांकडे बघत म्हणाले, तेच तर, ते सातही वारांच्या सुट्टीला हो म्हणतील. तुमच्यासारखे!

त्या हशात रविवार ठरला. आबाशेठचं कारण साधं होतं, बस्त्याव आणि मोनीमाय तसेही रविवारी येत नाहीत, मग जे होतंय त्यालाच कायदा म्हणू. चाचांना शुक्रवारी दुपारी नमाजापुरती मोकळीक मिळाली. मी जानकीला विचारलं, तुला कुठला वार हवा होता गं? ती म्हणाली, तिला कुठलाही चालला असता. मग आबाशेठ ऐकतील एवढ्या आवाजात तिनं मला विचारलं, "ते चार दिस हायेत का तुमच्या कायद्यात?"

आबाशेठना एकदम आठवलं की मागच्या विहिरीवर त्यांचं काहीतरी काम आहे.

आमचं मधल्या सुट्टीचं घड्याळ म्हणजे चर्चची घंटा. भिंतीवरचं घड्याळ कधीच बंद पडलेलं. बाराची घंटा झाली की बस्त्याव आणि मोनीमाय छातीवर क्रूसाची खूण करून उभे राहायचे. सुरुवातीला आबाशेठ कुरकुरले, कामाच्या वेळेत प्रार्थना कशाला? पण ते दोघं उभे असताना बाकीच्यांनी बसून काम करायचं बरं दिसेना. मग जानकी हात जोडायला लागली. मग बांधणीवाले. सहा महिन्यांनी आबाशेठही गल्ल्यावरून उठून डोळे मिटायला लागले. कुणाला नमस्कार करतात ते कुणी विचारलं नाही. प्रार्थना झाली की जेवण.

एक दिवस घंटा झालीच नाही. घंटा वाजवणारा तापानं पडला होता म्हणे. ऊन पायरीवर आलं, मग पायरीवरून उतरलं. घंटा नाही, म्हणून प्रार्थना नाही, म्हणून जेवण नाही. कुणी उठेना. मला वाटलं, आबाशेठ खूश असतील, फुकट काम होतंय. तर ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सायकल काढ. पाद्रीबाबांना जाऊन सांग, आमच्या शेठना भूक लागलीय."

रमजानचा किस्सा छोटा आहे. कासमचाचा रोजे धरायचे आणि भर उन्हात गाडी हाकायचे. आबाशेठना ते बघवेना. त्यांनी हुकूम काढला, चाचांचा रोजा आहे तोवर वखारीत कुणी चहा प्यायचा नाही. भावना मोठी चांगली. पण तीन दिवसांत वखारीची कळा गेली. बस्त्यावच्या हातून टोपल्या पडायला लागल्या, मोनीमाय कुणाशी बोलेनात, बांधणीवाले चाचांकडे बघून उसासे टाकायला लागले. चौथ्या दिवशी चाचा स्वतः आबाशेठपुढे उभे राहिले.

"शेट, रोजा माझा आणि जीव यांचा जातोय. चहा सुरू करा. एवढे शाप घेऊन माझा रोजा कबूल व्हायचा नाही."

आता मोनीमायचंच आणखी एक सांगायला हवं. आबाशेठनी चौथा नियम सगळ्यांना लावला होता, ख्रिश्चन बायकांनासुद्धा. त्यांचं म्हणणं, तुमच्यात ही रीत नसेल, पण पानाच्यात आहे. मोनीमायनी वाद घातला नाही. बरं म्हणाल्या. आणि दर महिन्याला चार दिवस घरी राहायला लागल्या. आषाढात त्यांच्या शेतावर लावणी असायची, तेव्हा हमखास. कापणीत हमखास. एकदा त्यांच्या नातीचं लग्न निघालं, नेमके तेव्हाही चार दिवस आले.

असं दोन वर्षं चाललं. एक दिवस आबाशेठ माझ्या टेबलापाशी घुटमळले. इकडचंतिकडचं बोलले. मग खालच्या आवाजात विचारलं, "आपल्या मोनीमायचं वय काय असेल रे?"

मी मस्टर उघडून सांगितलं, साठ लिहिलंय.

"साठ," आबाशेठ म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजलं. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "मग हे जरा..."

"विचारू का त्यांना?" मी म्हटलं.

"नको नको," आबाशेठ घाईघाईनं म्हणाले. "राहू दे. असतं एखाद्याचं."

तर हा नियम मोनीमायना पावला. पण मोनीमायकडे शेत होतं. जानकीकडे फक्त तिचे हात होते, आणि ते महिन्यातून चार दिवस बंद. एकदा तिनं धीर करून आबाशेठना सरळ विचारलं. बसायला सांगता तुम्ही, तर बसल्याची मजुरी द्या. नाहीतर येऊ द्या. दोन्हीतलं एक करा. आबाशेठचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, पण वेलीच्या कोपाची त्यांना खरीखुरी भीती होती. त्यांच्या वडिलांच्या काळात म्हणे एका हंगामात अख्खी वाडी जळली होती. ते म्हणाले, आत येऊ देता येणार नाही. आणि काम नाही त्याची मजुरी देण्याची पद्धत बाजारात कुठेच नाही. जानकी परत पानांपाशी येऊन बसली. त्या दिवशी तिनं कुणाशी थट्टा केली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वयात वाईट वाटून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

आणि मग ठाण्याहून त्या नव्या कायद्याचा इन्स्पेक्टर आला.

त्याआधी माझी एक चूक सांगायला हवी. मस्टरमध्ये हजर असेल त्याला मी 'ह' लिहायचो, गैरहजर असेल त्याला 'गै', सुट्टीला 'सु'. बायकांच्या त्या चार दिवसांना काय लिहायचं? 'गै' लिहावं तर न सांगता राहिल्यासारखं होतं, आणि त्यांना तर आपणच येऊ नका म्हणतो. आबाशेठना विचारलं तर ते दुसरीकडे बघत म्हणाले, घरात म्हणतात तेच लिही की. घरात म्हणतात, कावळा शिवला. एवढं लांबलचक लिहायची मला लाज वाटली. मी नुसतं 'का.' लिहायला लागलो. दर महिन्याला, प्रत्येक बाईपुढे, ओळीनं चार 'का.'

इन्स्पेक्टर किडकिडीत, चष्मेवाला, फार सभ्य माणूस. चपला त्यानं न सांगता बाहेर काढल्या. पाटी वाचून मान डोलावली. सुट्टीचा कागद पाहिला. मग माझं मस्टर उघडलं आणि बोट एका जागी थांबलं.

"हे 'का.' म्हणजे काय?"

मी आबाशेठकडे पाहिलं. आबाशेठनी पानांकडे पाहिलं. बस्त्याव टोपलीत डोकं घालून काहीतरी शोधायला लागला. सगळ्या बायका समोर बसलेल्या, परका सरकारी माणूस पुढ्यात, हातात पेन. तो शब्द उच्चारायचा कुणी?

जानकीनं मान वर केली नाही. हातातलं पान पुसत ती म्हणाली, "कामावर, सायेब."

इन्स्पेक्टरनं मस्टरचं पान उलटलं. मग 'ह' म्हणजे काय, म्हणाला.

"ह म्हंजे वखारीत हजर. का म्हंजे कामावर, पन भायेर."

इन्स्पेक्टर आबाशेठकडे वळला. बाहेरच्या कामाचे दिवस आहेत, मग त्या दिवसांची मजुरी का दिसत नाही? आबाशेठनी तोंड उघडलं. ते खोटं म्हणायचं तर खरं सांगावं लागणार होतं. आज माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि जानकीची तर नक्कीच. ती तेच पान पुन्हा पुन्हा पुसत होती.

"बरोबर आहे का या बाई म्हणतात ते?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

आबाशेठनी पाटीकडे पाहिलं, जानकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. कामावर."

इन्स्पेक्टरनं शेरा लिहिला की यापुढे या दिवसांचीही मजुरी द्यावी, सही घेतली, चपला घातल्या आणि गेला. आबाशेठ त्या दिवशी कुणाला काही बोलले नाहीत. मलाही नाही. ते जास्त भीतीचं होतं. जानकी रोज यायची, काम करायची, जायची. मी रोज वाट बघायचो की आज हिशेब चुकता करतील, उद्या करतील.

तीन आठवड्यांनी एका सकाळी मी सायकल लावतोय तर आवारात चिंचेखाली जानकी बसलेली. उंबऱ्यापासून चांगली दहा हात लांब, पदर खोचलेला, हातात काठी. वखारीत आली नव्हती, पण घरीही राहिली नव्हती. धूप-आरती करून आबाशेठ दारात आले आणि तिला बघून थबकले. त्यांना लगेच कळलं. सगळ्यांनाच कळलं.

"जानकी," ते चाचरत म्हणाले, "आज तू... कशी?"

"कामावर आलीय."

"बाहेर कसलं काम?"

जानकीनं काठी उचलून वर झाडाकडे दाखवली. झाडावर एकही पाखरू नव्हतं.

"कावले हाकलतेय, शेट."

आबाशेठ त्या रिकाम्या झाडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला जरा लांब काठी दे."